शेरा: समाधानकारक

नळ सोडला, पाणी आलं नाही. बेसिनखाली वाकून पाहिलं. पाइपच जोडलेला नव्हता.

"मोटर बिघडलीय, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

औंढा तालुक्यातलं एक खासगी कॉलेज. त्याची केमिस्ट्रीची लॅब. विद्यापीठाच्या तपासणी समितीत आम्ही तिघं होतो. कॉलेजची संलग्नता, म्हणजे विद्यापीठाचे वर्ग चालवायची परवानगी, पुढं चालू ठेवायची की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. वापरातल्या लॅबच्या फरशीवर डाग असतातच. इथं एकही नव्हता. ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायची काचेची नळी. तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. वजनकाट्याच्या पेटीत थर्माकोलचे दाणे.

व्हरांड्यात मुली रांगेत उभ्या केल्या होत्या. पहिलीला नाव विचारलं. काजल. तिसऱ्या वर्षाला, तांड्यावरून पायी येणारी.

"ह्या ब्युरेटनं टायट्रेशन किती वेळा केलंस?"

तिनं प्राचार्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"एकदा बी न्हाई, मॅडम. ह्या खोलीत आमी आजच आलो. जर्नल मागच्या पोरींचं बघून उतरून काढतो."

"घाबरलीय पोरगी," प्राचार्य हसून म्हणाले.

ती घाबरली नव्हती. घाबरायला हवं होतं ते मी, तिला सगळ्यांसमोर विचारताना.

अहवाल लिहायला बसलो. मी म्हणाले, "लॅब नाही, असं स्पष्ट लिहू."

आमचे अध्यक्ष भले गृहस्थ. म्हणाले, "परवानगी गेली तर ह्या पोरी जातील कुठं? हिंगोलीला रोज कोण पाठवतंय? लग्नं लावून देतील. अट टाकू, सहा महिन्यांत पूर्तता करा म्हणून."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. 'प्रयोगशाळा समाधानकारक. पाण्याची सोय सहा महिन्यांत करावी.' खाली सही केली. काजल काय म्हणाली, ते कुठंच आलं नाही. सहा महिन्यांनी पाहायलाही कुणी गेलं नाही.

निकालानंतर ती पत्ता शोधत घरी आली. प्रॅक्टिकलच्या इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या हातातल्या मार्कांत, ती एकटीच नापास होती.

"तुमी इचारलं म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "तुमी लिवलं न्हाई का?"

दुसऱ्याच दिवशी मी विद्यापीठात गेले. सेक्शन ऑफिसरनं फाइल काढली आणि एक पान माझ्याकडं फिरवलं.

"मॅडम, लॅब समाधानकारक आहे. सही तुमचीच. मग तक्रार नेमकी कशाची घेऊ?"

मी पूर्वी शिकवायचे त्या कॉलेजची लॅब वापरायची परवानगी मिळवली. काजलला निरोप धाडला, ये, मी शिकवते, पुन्हा परीक्षा दे. ती आली नाही. तिच्या भावानं फोनवर सांगितलं, "तिनं नाव काढून घेतलं, मॅडम. आता शेतात कामाला जाती."

मी समितीचं काम सोडलं. सोडताना विद्यापीठाला पत्र लिहिलं: विद्यार्थ्यांशी कॉलेजचं कुणीही हजर नसताना बोलावं, आणि त्यांचं म्हणणं अहवालाला जोडावं. पत्र मिळाल्याची पोच आली. पुढं काही आलं नाही.

नव्यानं समितीवर जाणारे कुणी कुणी सल्ला विचारतात. त्यांना एवढंच सांगते. उत्तर लिहायची तयारी नसेल, तर लेकराला प्रश्न विचारू नका.