साहेब खोली पाहायला आले तेव्हा

सरकारने मला खोलीचं भाडं द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, आणि ते मिळू नये म्हणून आमच्या घरच्यांनी आपल्याकडून काहीही कमी पडू दिलं नाही.

मी तेव्हा यवतमाळला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सरकारी वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. अशा मुलांना बाहेर खोली घेऊन राहता यावं म्हणून सरकार भाड्याची मदत करतं. मी अर्ज केला होता. मदत आली तर पदवी. नाही आली तर बोरी अरबला परत, आणि बाबांबरोबर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. आई तर बाजारात लोकांना आताच ‘सुमेध पास झाला’ म्हणून सांगून मोकळी झाली होती.

खोली घरमालकीण शोभाकाकूंच्या घरामागे होती. वर टिनं, एक खिडकी, खिडकीबाहेर बदामाचं झाड. गावी आम्ही पाच जण एका खोलीत झोपायचो, पावसाळ्यात बकरीसुद्धा. त्यामुळे आतून कडी लावता येईल असं दार मिळाल्यावर माझं जरा बिघडलंच. दुपारी खाटेवर उताणा पडलो की बदामाच्या पानांच्या सावल्या भिंतीवर हलायच्या, आणि आपण एखाद्या नदीच्या तळाशी निजलो आहोत असं वाटायचं. त्या पाण्याखाली मी दोन ते चारच्या दरम्यान कलेक्टर व्हायचो, बदली व्हायची, सत्कारही व्हायचे. (अभ्यास तेवढा राहून जायचा.)

एक दिवस कार्यालयातून फोन आला. अर्जदार खरोखर भाड्याने राहतो की नाही, हे पाहायला बुधवारी साहेब येणार. मी तसं घरी कळवलं आणि पुन्हा नदीच्या तळाशी गेलो. चूक तिथे झाली. आमच्या घराला परकी माणसं काहीतरी पाहायला येण्याचा एकच अनुभव होता: ताईला पाहायला पाहुणे आले होते तो. तो कार्यक्रम फार छान झाला होता. म्हणून आईने हाही तसाच करायचं ठरवलं!

बुधवारी सकाळच्या गाडीने आई-बाबा दोन पिशव्या घेऊन हजर झाले. आईने माझी खाट, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं बाहेर काढायला लावलं. मी म्हटलं, आई, आपण कसे राहतो तेच तर साहेबांना पाहायचं आहे.

“गरिबी काय लोकाइले दाखवाची चीज हाय?” आई म्हणाली. “दारात मानूस आला त घर नीट दिसाले पायजे.”

खाट बदामाच्या झाडामागे गेली. स्टोव्ह न्हाणीत गेला. आईची लग्नाकार्याला नेसायची पिवळी साडी खिडकीला पडदा म्हणून लागली. हे पाहून शोभाकाकूंनाही हुरूप आला. त्यांनी गादीची खुर्ची दिली, मग टीपॉय, मग प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी आणि शेवटी चक्क कूलर. तो बाबांनी एकट्याने उचलून आणला. (गाठी उचलणाऱ्या माणसाला कूलर म्हणजे फूल.)

खरं तर मी तेव्हाच सगळं थांबवायला हवं होतं. पण कूलर सुरू झाला, वाळ्याचा वास सुटला, पिवळा पडदा संथपणे फुगू लागला आणि सगळी खोली आतून सोनेरी झाली. मी त्या गादीच्या खुर्चीत बसलो. नुसतं बसून पाहावं म्हणून. दोनच मिनिटांत मी कलेक्टर झालेलो होतो.

साहेब आले ते मला कळलंच नाही. बारीकसा, घामाने निथळलेला माणूस काखेत फाईल धरून दारात उभा होता. त्याने मला फार अदबीने विचारलं, “मालक, इथे सुमेध नावाचा भाडेकरू कुठे राहतो?”

“बसा,” मी म्हणालो.

पुढची काही मिनिटं मीच तो भाडेकरू, हे पटवण्यात गेली. तोवर आईने पोहे आणले. साहेबांनी फाईल उघडून काकूंना विचारलं, भाडं किती घेता. काकू म्हणजे दर एक तारखेला, मी दार उघडेपर्यंत बाहेर खाकरत उभी राहणारी बाई. पण पाहुण्यांसमोर त्या विरघळल्या.

“भाडं कायचं जी! पोटच्या लेकरासारखा हाय आमाले. लेकराकून कोनी भाडं घेते काय?”

साहेबांनी काहीतरी लिहिलं. बाबांना काम विचारलं, तर त्यांनी घट्टे पडलेले हात मागे घेतले आणि आपण कापसाच्या लाईनीत आहोत, असं सांगितलं. जणू लाईन त्यांच्याच मालकीची होती. पोराला काहीही कमी पडू दिलेलं नाही, अशी आईने भर घातली. साहेबांनी आणखी लिहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

“तुमची काही अडचण?”

या एका प्रश्नावर माझी पदवी उभी होती. पण नेमकी तेव्हाच भिंतीवरची सावली हलली.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “दुपारी इथं पाण्याखाली निजल्यासारखं वाटते.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. अंगावर कूलरचा वारा, पोटात पोहे. मला वाटतं, तेही तळापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, “खोली सुंदर आहे. पण भाडंच नाही, तर मदत कशाची देणार? अर्ज नामंजूर करावा लागेल.”

आधी जाग्या झाल्या त्या काकू. “नामंजूर? मंग माह्यं भाडं कोन देईन?”

“तुम्ही घेतच नाही म्हणालात.”

“लेकरासारखा म्हनलं मी साहेब, लेकरू नाही म्हनलं. दोन महिन्यांचं बाकी हाय त्याच्याकडं!” आणि त्या भाडेकराराचा कागद आणायला धावल्या.

आता मला बोलणं भाग होतं. आईकडे न पाहता मी म्हटलं, “साहेब, इथलं सारं उसनं हाय.”

साहेब कार्यालयीन पद्धतीने एकेका वस्तूची चौकशी करू लागले. “खुर्ची?”

“काकूची.”

“कूलर?”

“काकूचाच.”

“पडदा?”

आई हळूच म्हणाली, “माही साडी हाय.”

“आणि पोहे?”

“पोहे आमचे हायत,” आई ताठ होऊन म्हणाली. “ते कोनाकून उसने नाही आनले.”

साहेब उठले, झाडामागे गेले. माझी खाट, पेटी पाहून आले. मग त्यांनी पोह्यांची आणखी एक बशी मागितली आणि ती बाहेर खाटेवर बसून खाल्ली.

पुढे मदत मिळाली, पदवीही मिळाली. कागदपत्रं घ्यायला कार्यालयात गेलो होतो, तेव्हा साहेबांचा अहवाल वाचायला मिळाला. काय लिहिलंय, असं आईने फोनवर विचारलं. पोहे फार आवडल्याचं लिहिलंय, असं मी सांगितलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

प्रत्यक्षात तिथे असं होतं: ‘कुटुंब गरजू आहे. मदत मंजूर करावी. अर्जदारास मात्र स्वतःच्या परिस्थितीची अद्याप कल्पना नसावी. ती कोणीतरी त्याला सावकाश द्यावी.’