उन्हाळ्यात कर्णा भाऊजींचा

आमच्या भाऊजींइतका हवेवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांचं म्हणणं असं, की लोक पाणी गाळून पितात, पीठ चाळून घेतात, तांदूळ निवडतात. पण दिवसभरात सगळ्यात जास्त जी वस्तू माणूस आत घेतो ती मात्र न निवडता, न धुता, उघड्या दोन भोकांतून घेतो, आणि मग वैद्याकडे जाऊन पोट दाखवतो. वारा सुटला की ते ओलं उपरणं नाकावरून गुंडाळून घेत. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते असेच पहिल्या रांगेत बसले होते, तेव्हा चांद्याहून आलेल्या पाहुण्यांनी भाषण मध्येच थांबवून त्यांच्या दाढदुखीची चौकशी केली. घरात केरसुणी हातात घेण्याआधी ताईला "झाडून राह्यली हो" अशी हाक द्यावी लागे. मग भाऊजी चहाची कपबशी घेऊन शेजाऱ्यांच्या ओसरीवर जात आणि धूळ खाली बसल्याची खात्री झाल्यावरच परतत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी गडचिरोलीत मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि त्या दोघांकडेच राहत होते. ते मला मास्तरीणबाई म्हणत, आणि मी पुस्तक वाचत बसले की हमखास विचारत, "काय मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकात नाकाबद्दल काई हाय का?" बहुतेक पुस्तकांत नसे. मग त्या पुस्तकाबद्दल त्यांना वाटणारा आदर तिथंच संपे.

असा माणूस खरं तर कापडाचं दुकान काढून पंख्याखाली बसायचा. पण भाऊजींचा धंदा जंगलमालाचा. धानोऱ्याकडच्या गावांतून हिरडा, लाख, डिंक विकत घ्यायचा आणि चांद्याला पाठवायचा. त्यासाठी त्यांनी लढाईतून उरलेली एक हिरवी जीप लिलावात घेतली. उन्हाळ्यात त्या रस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा असे. पुढं बैलगाड्यांची रांग असली की जीप एका तांबड्या ढगात शिरे आणि तो ढग धानोऱ्यापर्यंत सोबत करी. त्यातच एकदा कामानिमित्त भाऊजी घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीवर जाऊन आले. तिथल्या कडुनिंबाची काळी पानं त्यांनी पाहिली आणि घरी येऊन जेवण्याआधीच जाहीर केलं, "आपण नाकावर उपरणं बांधून बसतो, आन् ते बिचारी गाडी उघड्या नाकानं पळून राह्यली. हे काई माणुसकी नोहे."

बाजारात मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणे. उस्तादांनी भाऊजींना जीपचं झाकण उघडून दाखवलं, की कंपनीनं मुळातच एक लोखंडी डबा बसवला आहे, हवा त्यातून फिरून जाते आणि डब्याच्या तळाशी जे तेल असतं त्यात धूळ बसून राहते. "भाऊसाब," उस्ताद म्हणाले, "इस डब्बे का तेल बदलते रहो, बस. गाडी बुढ़ी हो जाएगी पर खाँसेगी नहीं. ऊपर से कुछ लगाने की जरूरत नहीं."

"पण उस्ताद, हवा घेते कुठून? खालून. आन् धूळ असते कुठी? खालीच. नाक उंच केलं तं डब्याले कामच नाई राहणार."

"फिर तो ऊँट खरीद लेते, भाऊसाब. नाक ऊपरच रहती है उसकी."

या वादाला दोघांनाही फार चव होती. भाऊजी उठून आले तरी दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा घेऊन परत जात, आणि उस्ताद हातातलं काम बाजूला ठेवून त्यांची वाटच पाहत असत. शेवटी कुणाचंच कुणाला पटलं नाही. भाऊजींनी टिनाची एक लांब नळी करवून घेतली आणि ती त्या डब्याच्या तोंडापासून काचेच्या बाजूनं टपाच्या वर नेली. राहिला प्रश्न नळीच्या तोंडाचा. त्याला काहीतरी ऐसपैस, घेरदार हवं होतं. भाऊजींनी घरभर नजर फिरवली आणि ती ताईच्या ग्रामोफोनवर येऊन थांबली.

तो ग्रामोफोन आमच्या वडिलांनी ताईला लग्नात दिला होता. त्याला कमळाच्या आकाराचा मोठा पितळी कर्णा होता. संध्याकाळी कंदील लावल्यावर ताई एक तबकडी लावायची, फक्त एकच, आणि ती वाजत असताना तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. एका दुपारी ती नदीवर गेली असताना भाऊजींनी कर्णा उतरवला, त्याच्या काठाला स्क्रूसाठी भोक पाडलं आणि जीपच्या नळीवर आभाळाकडे तोंड करून बसवला. ताई परत आली. तिनं आधी जीपकडे पाहिलं, मग घरात जाऊन ग्रामोफोनकडे पाहिलं, मग बाहेर येऊन म्हणाली, "माह्या बापानं गाणं ऐकाले देल्ला होता तो."

"अवं, इंजिन बी गातेच ना," भाऊजी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कर्ण्याचा गुण आवाज वाढवण्याचा. त्यानं इंजिनाचा श्वास इतका मोठा केला की जीप सुरू झाली की घोरणाऱ्या हत्तीसारखा हुंकार निघे. आमच्या गल्लीतली जनावरं दावं तोडू लागली. धानोऱ्याकडच्या गावांत मात्र त्याचा असा उपयोग झाला, जो ना भाऊजींच्या डोक्यात होता ना उस्तादांच्या. तो हुंकार जंगलातून फार लांबून ऐकू येई, आणि भाऊजी पोचेपर्यंत बाया हिरड्याच्या टोपल्या घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या असत. भाऊजींनी हेही श्रेय नाकालाच दिलं.

पुढं चैत्रात एका मुक्कामी भाऊजींनी जीप सावलीची म्हणून एका मोठ्या झाडाखाली लावली. झाड मोहाचं होतं. पहाटे मोह गळतो हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल, आणि भाऊजींचा तर जन्मच त्या जंगलात गेलेला. पण कर्णा आभाळाकडे तोंड उघडून आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. सकाळी त्यांनी जीप सुरू केली. ती गावाच्या वेशीपर्यंत नीट गेली, मग आचके देऊ लागली, काळा धूर ओकला आणि एका बांधाला टेकून थांबली. गावकऱ्यांनी कर्णा उपटून पाहिला तर नळी चिकट पिवळ्या फुलांनी ठासून भरलेली. एका म्हाताऱ्यानं नळीला नाक लावून वास घेतला आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, "भाऊ, तुमच्या गाडीले चढली जी. आता उतरेपर्यंत झोपू द्या तिले."

ही बातमी जीपच्या आधी गडचिरोलीला पोचली. उस्तादांनी नळी साफ करून दिली आणि एवढंच विचारलं, "भाऊसाब, अगली बार चखना भी रखूँ क्या?" त्या दिवसापासून गाडी कुठंही थांबली की भाऊजी कर्ण्याच्या तोंडाला फडकं बांधू लागले. वाद मात्र त्यांनी सोडला नाही. उलट आता ते म्हणू लागले की धूळ ही लहान परीक्षा, नाकाची खरी परीक्षा पाण्यात. गाडीचं नाक पाण्याच्या वर राहिलं की कुठलीही नदी पार होते.

ताईनं हे ऐकून घेतलं आणि आपली अट घातली. कुरखेड्याजवळ आमचं माहेर. दिवाळीनंतर तिथं मंडईची जत्रा भरते, दंडारीचा नाच होतो, रात्रभर नाटक चालतं, आणि त्या दिवसांत गावाअलीकडच्या नदीला पाणी असतं. "मले मंडईले घेऊन चला," ताई म्हणाली. "नदीतून गाडी न थांबता पार झाली तं कर्णा जल्मभर तुमचा. थांबली तं माहा. मंग पुन्हा मांगायचा नाई."

भाऊजींनी तिथल्या तिथं कबूल केलं. मला मात्र वाटतं, त्या रात्री ते झोपले नसावेत. सकाळी मी उठले तेव्हा ते जीपजवळ उभे राहून कर्ण्यावरून हात फिरवत होते.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. ताई पुढं बसली, नव्या लुगड्यात, मांडीवर तबकड्यांची पेटी घेऊन. ती पेटी मंडईला कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "माहेरी जाऊन राह्यली, कर्णा घेऊन. वाजवाले मशीन भावाकडं हाय." आपणच जिंकणार हा तिचा विश्वास भाऊजींपेक्षा पक्का होता.

नदीकाठी मंडईला निघालेल्या लोकांच्या गाड्या थांबल्या होत्या. कर्ण्याची जीप पाण्यात उतरणार म्हटल्यावर सगळे बघायला सरसावले. भाऊजींनी उपरणं नाकावर घट्ट बांधलं, त्याची पाण्यात काय गरज होती कोण जाणे, आणि जीप हुंकार करत नदीत घातली. पाणी चाकांवर आलं, मग पावलांवर आलं. ताईनं पेटी डोक्यावर घेतली. कर्णा पाण्याच्या कितीतरी वर ऐटीत चमकत होता. "पाह्य, पाह्य," भाऊजी ओरडले, "श्वास कसा मोकळा चालू हाय!" आणि ऐन मधोमध इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. काठावरून कुणीतरी विचारलं, "भाऊ, नाक तं वरतंच हाय, मंग बुडाली काऊन?"

भाऊजींनी मान बाहेर काढून कर्ण्याकडे पाहिलं. गाडी का थांबली ते नंतर उस्तादांनी सांगितलं. इंजिनाच्या पंख्यानं पाणी उडवलं, ठिणगी देणाऱ्या तारा भिजल्या आणि ठिणगीच बंद झाली. हवा हवी तितकी होती, पण ती घ्यायला कुणी जागं नव्हतं. "साँस तो बराबर थी, भाऊसाब," उस्ताद म्हणाले. "दिल रुक गया."

एका शेतकऱ्यानं आपली हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी सोडून आणली आणि जीप ओढून काठावर घातली. भाऊजी खाली उतरले. ओल्या धोतरानं, कुणी काही बोलायच्या आत, त्यांनी खिशातून पाना काढला, कर्णा सोडवला, उपरण्यानं नीट पुसला आणि ताईच्या हातात दिला. ताई हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "उपरणं काऊन खराब केलं?" एवढंच म्हणाली.

हिवाळाभर आमच्या घरी गाणी वाजली. भोकापाशी कर्णा थोडा झणझणे. वरच्या सुराला तर गाणाऱ्या बाईला पडसं झाल्यासारखं वाटे. भाऊजी बाजेवर बसून निमूटपणे ऐकत आणि शब्दाला जागून कर्ण्याकडे बघतसुद्धा नसत. होळी झाली. फुफाटा उडू लागला. जीपचं ते लोखंडी डबडं आता एका फेरीत चिखलानं भरू लागलं. वर कर्णा असताना त्याचं तेल बरेच दिवस चाले, हे उस्तादांनीही कबूल केलं. पाण्यात नाही पण धुळीत भाऊसाबांचं नाक कामाचं, असा निवाडा त्यांनी दिला. इतक्या उशिरा मिळालेल्या या विजयाचाही भाऊजींना आनंद झाला नाही. एकदा धानोऱ्याहून आले ते उन्हानं काळवंडून, अर्धाच माल घेऊन. ताईनं पाणी दिलं. ते म्हणाले, "बाया वाट पाहून घरी गेल्या. एक म्हातारी मले म्हणे, भाऊ, तुमची गाडी मुकी काऊन झाली?"

ताईनं तांब्या पुन्हा भरून आणला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कर्णा जीपवर होता. नळीशी पाना घेऊन झगडताना ताईच्या बांगड्या वाढल्या होत्या. "उन्हाळ्याचे चार महिने तुमचा," ती भाऊजींना म्हणाली. "मिरगापासून माहा. आन् झाडाखाली लावली तं पाह्यजा."

तेव्हापासून तेच ठरलं. होळी झाली की भाऊजी पाना घेऊन ग्रामोफोनसमोर उभे राहत, ताई शेवटची एक तबकडी लावी, आणि ती संपली की कर्णा बाहेर जाई. मृगात तो परत येई तेव्हा ताई त्याला चिंचेनं घासून लख्ख करी. तरीही पहिल्या दिवशी पहिल्या सुराबरोबर त्यातून चिमूटभर तांबडी धूळ बाहेर पडे. भाऊजी लगेच उपरणं नाकाला लावत.

गेल्या पावसाळ्यात भाऊजी गेले. छाती स्वच्छ होती, डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं. उस्ताद आले आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिले. 

यंदाची होळी झाली. जीप अंगणात उभी आहे, ती चालवणारं घरात कुणी नाही. त्या संध्याकाळी ताईनं एक तबकडी लावली, ती संपू दिली, मग पाना घेऊन उठली. मी कंदील धरला. कर्णा नळीवर बसवून झाल्यावर ती दोन पावलं मागं सरली, मान वर करून तिनं पाहिलं आणि मला म्हणाली, "तोंडाले फडकं बांध वं. मोह गळाचे दिवस आहेत."

आमच्या अंगणात मोहाचं झाड नाही. मी फडकं आणलं आणि बांधलं.