कापायच्या आधी

मन्सूरभाई टेलर गेले, तेव्हा शोकसभेत लोकांनी श्रावणभाऊंना धरलं. "तुमी तं दुकानातले रोजचे बसणारे. दोन शब्द सांगा." श्रावणभाऊ उभे राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला या माणसाबद्दल काहीच माहीत नाही. मूळ गाव कोणतं, शिलाई कोणाकडे शिकले, काही नाही. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून भद्रावतीच्या त्या दुकानात बाकावर बसून त्यांनी नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सगळं दुसऱ्यांबद्दलचं होतं. ते दोन वाक्यं पुटपुटले आणि खाली बसले.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मन्सूरभाईंच्या हाताची.

बोलणं हा मन्सूरभाईंचा मुख्य धंदा, शिलाई जोडधंदा. गिऱ्हाईक आलं की मशीन थांबायची, उजवं कोपर टेबलाच्या कडेवर टेकायचं, तळहातावर गाल, आणि फॅक्टरीच्या कॉलनीत कोणाचं लग्न जमलं, कोणाचं फिसकटलं, ते सुरू. गिऱ्हाईक निघून जायचं, कोपर तिथंच.

दुकानाचा कायदा एकच. दुसऱ्या टेलरनं कापलेल्या कपड्याला हात लावायचा नाही. कोणी बिघडलेली पॅन्ट आणली की म्हणायचे, "ज्यानं कापली त्याच्याकडंच न्या. मी हात लावला तं त्याची इज्जत जाते."

मग एका उन्हाळ्यात त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. कात्री हातातून निसटू लागली. काजं वेडीवाकडी पडू लागली. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले आणि सांगितलं, मणक्यात नस दबली आहे, नागपूरला ऑपरेशन करून घ्या. तारीखही ठरली. मन्सूरभाईंचं बोलणं पहिल्यांदाच कमी झालं. हात गेला तर दुकान गेलं, हे त्यांनाही कळत होतं.

"दुसऱ्या एखाद्या डॉक्टरले दाखवा ना," त्यांच्या बायकोनं, जरीनाभाभींनी म्हटलं.

"साहेबाचे पांढरे कोट मी शिवतो. त्यानं उद्या दुसरीकडून कोट शिवला तं मले कसं वाटन? अन् दुसरा डॉक्टर तरी हात लावन काय? ज्यानं कापला..."

"अजून कापला कुठी?" भाभी कडाडल्या. "कापल्यावर कोणी हात लावत नाई, म्हणूनच म्हणून राह्यली, कापाच्या आधी दाखवा! पॅन्ट बिघडली तं नवी शिवता येते. मान कुठून आणसान?"

मन्सूरभाईंनी चंद्रपूरच्या एसटीची वेळ विचारली.

"श्रावणभाऊ, तुमी सोबत जा," भाभींनी हुकूम सोडला. "नाई तं हे तिथी बसून दुनियेच्या गोष्टी सांगतीन, अन् हाताचं राहूनच जाईन."

दोघं एसटीनं चंद्रपूरला निघाले. वाटेत मन्सूरभाईंनी पिशवीवर हात ठेवून हळूच सांगितलं, "जुने फोटो आणले हायेत, पण दाखवाचे नाई. साहेबाचं नाव निघालं तं बरं नाई दिसत." श्रावणभाऊंनी मान डोलावली. त्यांची ती सवयच.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "आधी कुठं दाखवलं?"

"कुठीच नाई," मन्सूरभाई म्हणाले.

बाई सगळ्या तपासण्या पुन्हा लिहायला लागल्या. श्रावणभाऊंचे कान तापले. साहेबासमोर न विचारता बोलायची त्यांच्यावर जन्मात वेळ आली नव्हती. घसा खाकरून ते म्हणाले, "मॅडम... पिशवीत फोटो हायेत."

खिसा कापला गेल्यासारखं मन्सूरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, इतके वर्षं चूप बसले, अन् तोंड उघडाले हीच जागा भेटली?"

बाई हसल्या. "अहो, मोठं ऑपरेशन असलं तर आम्हीच सांगतो, अजून एकाला विचारा. यात कोणाचा अपमान नाही. पण कागद लपवले तर मी काय अंदाज करत बसू?"

त्यांनी फोटो उजेडाकडे धरले. मान झिजली आहे, पण या वयात ती बऱ्याच जणांची झिजते, म्हणाल्या. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केली. करंट थेट करंगळीपर्यंत गेला. "या अल्ला!"

"काम करताना हे कोपर कुठं टेकवता?"

"कुठीच नाई. माझा हात चालूच राह्यते."

एकदा तोंड उघडलेलंच होतं, म्हणून श्रावणभाऊ पुन्हा बोलले. "काम करताना नाई टेकत, मॅडम. बोलताना टेकते."

"आणि बोलतात किती?"

श्रावणभाऊंनी नुसतं छताकडे पाहिलं.

नसांची तपासणी झाली. नस कोपराशी दबली होती. मानेच्या ऑपरेशनची सध्या गरज नाही, कोपर जपा, रात्री पट्टा बांधा, फरक नाही पडला तर पुढचं बघू, असं ठरलं. परत येताना मन्सूरभाई कॉलनीतल्या सगळ्या बातम्या शेजारच्या प्रवाशाला सांगत होते. कोपर खिडकीवर टेकलं की श्रावणभाऊ ते उचलून मांडीवर ठेवत.

हाताला हळूहळू जोर आला. भाभींनी चिंध्या भरून टेबलाच्या कडेला गादी ठोकली. मन्सूरभाई नवा कोट घेऊन जुन्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कागद वाचले. "बरं केलं दाखवलं. कोपर मी बघायला हवं होतं." मग कोट अंगावर चढवत म्हणाले, "पुढच्या वेळी पोटात थोडा सैल ठेवा."

त्यानंतर दुकानाचा कायदाही मोडला. कोणी बिघडलेली पॅन्ट आणली की मन्सूरभाई म्हणत, "आणा, पाहू तं द्या."

पुढं काही वर्षांनी एका पहाटे ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी श्रावणभाऊ बाकावरून उठले, तेव्हा मन्सूरभाई त्यांच्याच सदऱ्याला बटण लावत होते.

"उद्या नेजा, भाऊ."

"घाई नाई. कोपर?"

"गादीवर हाय. पाहा."

"बरं. येतो मंग."

"या."