अक्कांचे धांडे

पिंप्राळ्यातल्या मुलींच्या बालगृहात मी दूध घालतो. दर रविवारी शिरपूरकडच्या एक समुपदेशक अक्का तिथं ज्वारीचे वाळके धांडे घेऊन येतात. दातानं साल सोलून देत अक्का मुलींकडून साल नि गाभ्याची खेळणी करवतात आणि त्यांचीच गोष्ट त्यांत मांडून घेतात.

नरडाण्याच्या स्टेशनावर सापडलेली एक पोर दरवेळी रेल्वे करायची आणि तिच्यात आईला बसवून पाठवून द्यायची. एकदा तिनं विचारलं, "आई कुठं गेली?"

अक्कांच्या जागी मी असतो तर 'येईल' म्हणून मोकळा झालो असतो. अक्का म्हणाल्या, "ते माले माहीत नही, बेटा. पण फाइलमा लिखेल शे, तू सापडनी तवय तुन्या दोन घट्ट वेण्या घालेल व्हत्यात."

पोरीनं स्वतःच्या वेण्या चाचपल्या.

या रविवारी तिनं आधी धांड्याचा कंगवा केला. रेल्वे राहूनच गेली.