डोळे दाखवायच्या निमित्ताने

मी सातवीत असताना शाळेनं मला वक्तृत्व स्पर्धेसाठी यवतमाळला पाठवलं आणि माझा दुसरा नंबर आला. आमच्या बाई इतक्या खूश झाल्या, की परतीच्या गाडीआधी त्यांनी मला बाजारातल्या मद्रासी हॉटेलात नेलं. हॉटेल नवंकोरं होतं. नागपूर-अमरावतीलाही आमच्या शाखा आहेत, असं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये बसून मी जन्मात पहिल्यांदा मसाला डोसा खाल्ला.

ताटाच्या दोन्ही कडांबाहेर आलेला, सोन्याच्या रंगाचा, आणि मोडला की पापडासारखा वाजणारा! दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात हॉटेल म्हणजे फाट्यावरचा चहा आणि बशीतला चिवडा. त्यामुळे घरी आल्यावर नंबराचं मी कुणी विचारलं तर सांगत होते, डोशाचं न विचारता.

सगळ्यांत मन लावून ऐकायची ती माझी माय. कापूस वेचता वेचता विचारायची,

"पोकळ असते म्हणतं, मंग भाजी भरतात कोठून?"

"घडीच्या आत ठेवतात, माय."

"आन उलटवत नाहीत?"

"नाही ना! एकाच बाजूनं शेकतात."

माय हातातलं बोंड तसंच धरून विचारात पडायची. ती कधी हॉटेलात बसली नव्हती. आमच्या घरच्या बायका बसतच नसत. पण दिवाळीनंतर एक दिवस विहिरीवर कुणी नाही असं पाहून ती एकदम म्हणाली, "मले खायाचा हाय थो डोसा."

मला तर नाचावंसं वाटलं. पण जायचं कसं? मायनं तेही ठरवलं होतं. "तुले फळ्यावरचं दिसत नाही, असं सांगतो मी घरी. डोळे दाखवाले यवतमाळले नेतो म्हणतो."

"पण मले तर दिसते."

"तू उगी राह्य."

बाबांना सांगितलं तर ते ताडकन उठले. "डोळ्याचा मामला हाय. मीही येतो संग."

मी मायकडे पाहिलं. माय मात्र शांतपणे म्हणाली, "आन वेचाले येणाऱ्या बायांवर ध्यान कोण ठेवन?" बाबा विचार करून खाली बसले.

जायच्या दिवशी माय ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही. पोट मोकळं पाहिजे म्हणाली. दारव्ह्याहून छोट्या लाईनची, अरुंद रुळांवरची गाडी निघाली. ती इतकी सावकाश चालायची, की त्या दिवशी उतरून ढकलावीशी वाटली. माय खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा विचारत होती. चटणी कोणत्या हातानं घ्यायची? पाणी आपण मागायचं की ते आणतात? तिच्या चेहऱ्यावरचा तो उतावीळपणा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मुलगी मी की ती, हेच कळेना.

हॉटेलात शिरलो तर फॅमिली रूमचा पडदाच नव्हता. आत कांद्यांची पोती रचलेली. मग बाहेरच, पुरुषांमध्ये, कोपऱ्यातलं टेबल धरलं. मायनं पदर सारखा केला आणि मान ताठ करून बसली. मी दोन डोसे मागवले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

डोसे आले. पांढरे, जाड, मधेच फाटलेले, ओल्या फडक्याची घडी घालावी तसे. भाजी थंडगार. सांबारात डाळ शोधावी लागत होती. मी एक घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चार महिने एवढी कौतुकं सांगितली, ती याची?

मायनंही एक घास खाल्ला. मग तिनं ताट पुढं सरकवलं आणि वेटरला हाक मारली.

"भाऊ, हे काय हाय?"

"मसाला डोसा."

"नाही. डोसा कसा असते ते मले माहीत हाय. सोन्याच्या रंगाचा असते. पापडावानी वाजते. एकाच बाजूनं शेकते आन ताटाच्या बाहेर येते."

बशीतला चहा ओठांशी नेलेले लोक तसेच थांबले. गल्ल्यावरचे मालक उठून आले. "अम्मा, आप पहले आयी थी?"

"माही पोरगी आली होती. तिनं पाह्यला म्हणजे मी पाह्यला."

मला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं आणि उठून टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या. मालक ओशाळले. जुना आचारी अमरावतीच्या शाखेत गेला, नव्याचा हात अजून बसला नाही, त्यात थंडीनं पीठ फुगत नाही, असं त्यांनी हिंदी-मराठीत समजावलं आणि दुसरे डोसे करायला सांगितले. तेही आले. एका बाजूला करपलेले, दुसऱ्या बाजूला कच्चे. मायनं ते मुकाट्यानं संपवले.

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "माय, मी खोटं नव्हती सांगत."

"मले समजत नाही काय?" ती म्हणाली, आणि एकदम हसत सुटली. "सारे माणसं माह्याकडंच पाहून राह्यले होते! पाह्यलं का तू?" तिचे गाल लाल झाले होते. भर बाजारात ती माझा हात धरून भराभरा चालत होती.

गाडीला वेळ होता. घरी दाखवायला चिठ्ठी तरी पाहिजे, म्हणून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. वरच्या दोन ओळी मी वाचल्या. खाली नुसता धूर.

मायला वाटलं मी सोंग करते आहे. तिनं हळूच चिमटा काढला. "आता बस कर व. खरं खरं सांग."

"खरंच दिसत नाही, माय!"

"थे खालचे, मुंग्यावानी? मले तर दिसून राह्यले."

मायला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मला न दिसणाऱ्या मुंग्या तिला दिसत होत्या. तिचा चेहरा उतरला. सगळ्यांना एवढंच दिसतं असं मी धरून चालले होते. फळ्यावरचं मी आजवर मैत्रिणीच्या वहीतून उतरवत आले होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आठवड्याभरात चष्मा आला. बाबांनी गावभर सांगितलं, "पोरीच्या मायच्या बरं ध्यानात आलं, नाहीतर डोळे गेले असते." ते असं म्हणाले की माय चुलीकडे तोंड फिरवायची आणि मी घराबाहेर पळायचे. मायच्या खांद्यांवरून कळायचं, ती हसते आहे.

पुढं मी दारव्ह्याच्या शाळेत गेले, मॅट्रिक झाले. निकालाच्या दिवशी बाबांनी पुन्हा चष्म्याची गोष्ट काढली आणि मायला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, पडद्यापासून मुंग्यांपर्यंत. बाबांनी आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग मायकडे. आता रागावतात की काय, असं मला वाटलं.

"मंग मले काहून नाही नेलं?" ते म्हणाले.