साठ नकोत, पाचच देईन

आधी माफी मागतो, पंधरा दिवस इथे काही लिहिलं नाही. "अप्पा आजारी आहेत का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं... आजारी नव्हतो, तोंड दाखवायची लाज वाटत होती.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जन्म गेला, तयार माल टेबलावर पसरून तपासायचा आणि तुटक्या धाग्याची चादर बाजूला काढायची, हे माझं काम.

आता घरी बसून मोबाईल तपासतो. तीस-पस्तीस ग्रुप आहेत... सकाळी उघडला की कुणाचा काढा, कुणाची जुनी बातमी, नोकरीच्या जाहिराती, आणि मध्येच कुठेतरी आपल्या भागात लाईट जाणार असल्याची खबर. ती नेमकी दिसत नाही. काहीतरी कामाचं सुटलं असेल असं वाटत राहतं.

म्हणून गेल्या वर्षी एक कागद सुरू केला. रोज गल्लीच्या उपयोगाच्या पाच गोष्टी निवडायच्या, हाताने लिहायच्या, फोटो काढून आठच्या आत पाठवायचा. नियम एकच... ज्याची गोष्ट त्याला फोन केल्याशिवाय लिहायची नाही. पाणी सोडणारे रफीकभाई तर माझ्या फोनला कंटाळलेत.

कागद वाढत वाढत दहा-बारा गल्ल्यांत गेला. मग सात रस्त्याला ऑफिस असलेल्या एका तरुण साहेबांनी बोलावलं. सगळीकडच्या बातम्या एका ॲपवर गोळा करायच्या आणि मध्ये जाहिराती लावायच्या, हा त्यांचा धंदा.

"काका, बातम्या आमचं मशीन गोळा करतंय. रोज साठ. तुमी फक्त बटण दाबायचं, वर तुमचं नाव आणि फोटो."

नाव आणि फोटो... खोटं कशाला बोलू, भुललो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "फोन न करता तुम्हाला झोप लागंल व्हय?" मी तिलाच गप्प केलं.

चौथ्या दिवशी त्या साठांत एक ओळ होती. आपल्या भागात उद्या पाणी येणार नाही, एक दिवस पुढे गेलं. मी बटण दाबलं.

आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी घराला कुलूप लावून कुणी बाहेर जात नाही, लग्न असलं तरी एक माणूस मागे राहतोच. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नरसम्माअक्कांना वाचता येत नाही. त्यांच्या सुनेने माझं नाव बघून ती ओळ वाचून दाखवली आणि सगळं घर अक्कलकोटला बारशाला गेलं.

दुसऱ्या दिवशी पाणी वेळेवर आलं आणि गेलं. तो मेसेज कुठल्यातरी जुन्या वर्षाचा होता! रफीकभाईंना फोन केला तर म्हणाले, "चाचा, रोज दिमाग खाते थे, उसीच दिन एक फोन नहीं करना था क्या?"

संध्याकाळी अक्का रिकामी घागर घेऊन दारात उभ्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "अप्पा, तुमचं नाव हुतं म्हणून गेलो की."

बायकोने आमच्या पिंपातून दोन घागरी दिल्या. पाच दिवस पुरणार होत्या का त्या?... मी तेव्हापासून मोबाईल उलटा करून ठेवला.

परवा मात्र उठलो आणि सात रस्ता गाठला. साहेब हसले. "काका, साठात एक चुकलं. एवढं चालतंय की."

माझा आवाज चढला. म्हटलं, "साठात एक फाटकी चादर गेली तर ती कुणाच्या तरी अंगावर जाते. माझ्या टेबलावरून नाही गेली कधी."

"पाच बातम्यांवर धंदा होत नाही, काका."

"नाही होत तर नाही. माझं नाव काढा. आत्ता, माझ्यासमोर." आणि खुर्चीत बसून राहिलो. नाव आणि फोटो दोन्ही स्क्रीनवरून गेल्याचं डोळ्यांनी बघितलं, तेव्हाच उठलो.

ज्याला साठ पाहिजेत त्याने खुशाल साठ वाचाव्यात. मी पाचच देईन, आणि ज्या दिवशी तीनच खऱ्या सापडतील त्या दिवशी तीन!

काल परत कागद लिहिला. पहिली ओळ, पाण्याची चूक माझी होती. पाठवला आणि मनात आलं... आता कोण विश्वास ठेवणार?

नऊच्या सुमारास नरसम्माअक्का आल्या. "पंधरा दिवस सून त्या मोबाईलमदलं कायबी वाचती, मला काय कळंना," म्हणाल्या. "आता कागद बंद केलात तर बगा. पाणी पैलं माज्याच नळाला येतंय. मी हाक मारीन, मग लिवा."

अक्का, इथे लिहितो, तुमचे उपकार आहेत.

उद्या आमच्या भागाची पाळी. रफीकभाई 'येणार' म्हणालेत, पण मला तेवढ्याने चैन पडत नाही. आमच्या गल्लीत अक्का हाक मारतील, बाकी गल्ल्यांत ज्यांच्या नळाला आधी येतं त्यांनी, हात जोडतो, थेंब पडला की लगेच कळवा... मी पेन उघडून बसलोय.