डॉक्टरांना थांबवलं तेव्हा

परवा नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्याला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मला भिलाईतला तो दवाखाना आठवला, जिथे मी विशीत नोकरी मागायला गेले होते. डॉक्टर रोगी तपासता तपासता जे सांगतील ते लिहून घ्यायचं, असं काम होतं. सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून निघताना आई करवादली, "पाहुणे तुले पाहाले येऊन राहिले, अन् तू दवाखान्यात कावून जातेस?" काम मिळालं नाही तर मुकाट्याने लग्नाला उभी राहीन, असं मी कबूल करून बसले होते. डॉक्टर दक्षिणेकडचे, बोलणं भरधाव. माझ्याआधीच्या दोघींना त्यांनी लिहून घेतलेला कागद पाहताच डॉक्टरांनी परत पाठवलं होतं. समोर बाकावर एक म्हातारा कामगार खोकत होता. त्याला तपासता तपासता डॉक्टर मला लिहायला सांगत गेले, पण औषधाचं नाव मला नीट ऐकूच आलं नाही. मी पेन थांबवून म्हटलं, "सर, रुकिए. दवाई का नाम फिर से बोलिए, अंदाज़ से नहीं लिखूँगी." डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "उन दोनों ने अंदाज़ से ही लिखा था," ते म्हणाले, "कल सुबह से आ जाओ." मी सायकल अशी हाणली की घरी पोचेपर्यंत बोलायला दम उरला नव्हता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडली, "अहो, आयकलं काय? पाहुण्यायले नोको म्हनून कळवा, पोरीले नोकरी लागली!" पुढे लग्नही झालं, माझ्या पसंतीने, पण त्या संध्याकाळइतकी खूश मी लग्नातही नव्हते, हे आता नवऱ्यासमोरच हसत हसत सांगते.